उपेक्षितांची गादी आणि कॅमेऱ्याची साक्ष

रॉक संगीताच्या समीक्षेत एक वाद वर्षानुवर्षे एकाच चाकोरीतून फिरत आला आहे. दूरचित्रवाणीवरील दोन-चार सादरीकरणे शेजारी ठेवायची, त्यांतले कोणते अधिक अस्सल याची तुलना करायची, आणि मग ज्याच्या वाट्याला कीर्ती आली नाही असा एखादा गिटारवादक पुढे आणून 'खरा श्रेष्ठ हाच' असा निवाडा द्यायचा, ही या वादाची ठरलेली रीत. पुरावा म्हणून चित्रफीत हजर केली जाते. डोळ्यांना जे दिसते त्याला आणखी प्रमाण कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. वरवर पाहता हा न्यायाचा व्यवहार वाटतो. विस्मृतीत गेलेल्यांना त्यांचे श्रेय मिळवून देण्यात वावगे ते काय? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की, हा न्यायाचा केवळ आभास होय. या रीतीने उपेक्षा दूर होत नाही. उपेक्षेची एक ठरावीक गादी तेवढी निर्माण होते, आणि त्या गादीवर कोणी बसावयाचे हेही आधीच ठरलेले असते. जे खरोखर उपेक्षिले गेले ते या वादात उमेदवार म्हणूनसुद्धा उभे राहत नाहीत.

साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात या वादाची दखल घेण्याचे कारण उघड आहे. संहिता आणि प्रयोग यांचे नाते, प्रमाणभूत परंपरेची घडण, कर्त्याचे स्थान हे प्रश्न आपलेच आहेत. शिवाय, लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासात चिन्हमीमांसेची परिभाषा सरसकट वापरणारे अभ्यासकही तुलनेची वेळ आली की निरागस वास्तववादी होतात. कादंबरीतील निवेदकाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये हे ज्यांना पहिल्या वर्षी शिकविले जाते, ते कॅमेऱ्याच्या शब्दावर मात्र निमूट विश्वास ठेवतात.

या निरागसतेचे मूळ एका शब्दात आहे. 'लाइव्ह' हा इंग्रजी शब्द किमान तीन गोष्टी एकत्र गुंडाळतो. मराठीत त्यांच्यासाठी वेगळे शब्द आहेत, आणि हा वेगळेपणा येथे उपयोगी पडतो. घटना घडत असतानाच ती प्रेक्षकापर्यंत पोहोचते तेव्हा प्रक्षेपण 'थेट' असते. वाद्य आणि कंठ यांतून त्याच क्षणी ध्वनी निघतो तेव्हा सादरीकरण 'प्रत्यक्ष' असते. आणि या दोहोंहून निराळा, ज्याविषयी प्रेक्षक भारावून बोलतो तो गुण म्हणजे 'जिवंतपणा'. हे तिन्ही एकत्र येतातच असे नाही. तुलनेच्या वादात मात्र जिवंतपणाची अनुभूती आली की ते सादरीकरण प्रत्यक्षच असणार, आणि प्रत्यक्ष असल्यामुळे तेच कलावंताचे सत्य असणार, अशी दोन अनुमाने एका दमात केली जातात.

निर्वाणा या संघाची दोन सादरीकरणे पाहावीत. नोव्हेंबर १९९१ मध्ये हा संघ बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात आला. त्या वेळच्या नियमानुसार गायन प्रत्यक्ष आणि वाद्यसंगीत आधी मुद्रित केलेले, अशी व्यवस्था होती. कर्ट कोबेनने आपला आवाज खालच्या सप्तकात नेऊन ओढूनताणून गाइले, आणि गिटार वाजविण्याचे सोंग इतक्या उघडपणे केले की ते सोंग आहे हे कोणाच्याही नजरेतून सुटू नये. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्क येथे एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' मालिकेसाठी त्याच संघाचे मुद्रण झाले. पहिले सादरीकरण थट्टेवारी आणि दुसरे आत्म्याचा आविष्कार, असा निकाल आता रूढ झाला आहे. परंतु 'अनप्लग्ड' या नावात विद्युतध्वनीचा त्याग गृहीत असताना कोबेनची गिटार ध्वनिवर्धकातून जात होती, आणि तो ध्वनिवर्धक दिसू नये म्हणून त्याच्यापुढे खोटे खोके उभे केलेले होते. मंचावरील लिलीची फुले आणि मेणबत्त्या आज आपण कोबेनच्या स्वतःच्या मृत्यूची चिन्हे म्हणून वाचतो, कारण एप्रिल १९९४ मध्ये त्याने आत्महत्या केली. मुद्रणाच्या दिवशी ती मंचसजावट होती. नंतरच्या मृत्यूने आधीच्या चित्रफितीला अर्थ दिला, आणि आपण तो अर्थ चित्रफितीतच सापडला असे म्हणू लागलो. मग प्रामाणिक सादरीकरण कोणते? ज्याने बनाव उघड केला ते १९९१ चे, की ज्याने तो खोक्यामागे झाकला ते १९९३ चे? हा प्रश्न तुलनावाद्यांनी स्वतःला विचारलेला आढळत नाही.

कॅमेरा काय दाखवितो याहून काय दाखवीत नाही हे अधिक बोलके असते, हे तर इतिहासानेच सांगितले आहे. ६ जानेवारी १९५७ रोजी एड सलिव्हनच्या कार्यक्रमात एल्विस प्रेस्लीला कमरेच्या वरच दाखविण्यात आले. येथे सेन्सॉरची कात्री चौकटीच्या रूपाने प्रकट झाली. पण चौकटीच्या आतही माणसे अदृश्य होऊ शकतात. एनबीसीने ३ डिसेंबर १९६८ रोजी प्रक्षेपित केलेला प्रेस्लीचा विशेष कार्यक्रम हा दूरचित्रवाणीवरील रॉकचा सर्वोच्च क्षण मानला जातो. त्यात तो जुन्या साथीदारांसह लहानशा मंचावर बसून गातो. त्याच्या हातात जी विद्युत गिटार दिसते ती मूळची स्कॉटी मूरची. प्रेस्लीच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांना ज्याच्या वादनाने त्यांचे रूप दिले तो मूर शेजारीच बसलेला आहे. कार्यक्रमाच्या ओघात प्रेस्ली त्याची गिटार आपल्याकडे घेतो आणि मूरच्या हाती साधी गिटार उरते. कर्तृत्वाच्या हस्तांतराचे याहून स्वच्छ रूपक एखाद्या कादंबरीकारालाही सुचले नसते. या कार्यक्रमानंतर मूर प्रेस्लीबरोबर कधीच वाजला नाही. उपेक्षित कलावंत कोठेतरी दूर, कॅमेरा न पोहोचलेल्या अंधारात असतो ही समजूत किती भाबडी आहे हे या दृश्यावरून कळावे. तो पुष्कळदा चौकटीच्या मधोमध बसलेला असतो. 'अनप्लग्ड'मध्येही मीट पपेट्स या संघाचे कर्कवुड बंधू मंचावर आहेत, तीन गाणी त्यांचीच आहेत. तरी प्रेक्षकांच्या स्मरणात ती कोबेनची गाणी म्हणून राहिली.

आता 'उपेक्षित प्रतिभा' या कल्पनेकडे वळू. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने रॉय ब्यूकॅनन या गिटारवादकाचा परिचय करून देणारा माहितीपट दाखविला. 'जगातील सर्वश्रेष्ठ अज्ञात गिटारवादक' हे बिरुद त्याला तेव्हापासून कायमचे चिकटले. या बिरुदातील तार्किक विसंगती पाहण्याजोगी आहे. ज्या क्षणी देशभरच्या प्रेक्षकांना 'हा अज्ञात आहे' असे सांगितले जाते, त्या क्षणी तो अज्ञात राहत नाही. त्याला ध्वनिमुद्रिकांचा करार मिळतो, तो दौरे करतो. पण त्याची भूमिका मात्र अज्ञाताचीच राहते. अज्ञातपणा हीच त्याची विक्रेय ओळख बनते. ऑगस्ट १९८८ मध्ये व्हर्जिनियातील एका तुरुंगात ब्यूकॅननचा मृत्यू झाला. १९८९ मध्ये 'गिटार प्लेअर' या मासिकाने मुखपृष्ठावर डॅनी गॅटनला आणले, आणि त्याला उपाधी दिली ती हीच: जगातील सर्वश्रेष्ठ अज्ञात गिटारवादक. दोघेही वॉशिंग्टनच्या परिसरातले, दोघांच्या हाती फेंडर टेलिकास्टर. १९९४ मध्ये गॅटननेही आपले जीवन संपविले. एक गेला आणि वर्षाच्या आत दुसऱ्याला तेच बिरुद मिळाले, याला योगायोग म्हणता येणार नाही. येथे एका व्यक्तीची उपेक्षा झालेली नाही. एक पद निर्माण झाले आहे, आणि पद रिकामे राहू शकत नाही.

दोघांच्या वादनाविषयी येथे शंका घ्यावयाची नाही. ते असामान्य होते. पण ही गादी ज्यांना मिळू शकते त्यांची लक्षणे पाहावीत. तो पुरुष असावा, एकटा असावा, विद्युत गिटार वाजवीत असावा, बाजारापासून अलिप्त असावा, आणि त्याचा शेवट शोकात्म असल्यास उत्तमच. एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक कवीची ही प्रतिमा आहे. लेखणीच्या जागी फक्त तारा आल्या. लेखकाच्या मृत्यूची घोषणा १९६७ मध्ये बार्थने केली. समीक्षेच्या एका दालनात ती मान्य करायची आणि दुसऱ्या दालनात गिटार हाती घेतलेल्या त्याच लेखकाची आरती करायची, हा दुटप्पीपणा आहे. उपेक्षितांचा शोध घेणारी दृष्टी ज्या मूल्यांच्या विरोधात उभी असल्याचे सांगते त्याच मूल्यांवर ती पोसलेली आहे. प्रस्थापित गिटारनायकांच्या यादीला तिने दिलेला पर्याय म्हणजे अप्रस्थापित गिटारनायकांची यादी.

येथे दुसऱ्या टोकाचा एक पक्ष उभा राहतो, आणि त्याचाही समाचार घेतला पाहिजे. फिलिप ऑसलँडर यांनी १९९९ च्या 'लाइव्हनेस' या ग्रंथात असे दाखविले की, ध्वनिमुद्रणापूर्वी 'लाइव्ह' ही कोटीच अस्तित्वात नव्हती. मुद्रित आणि प्रत्यक्ष यांतील भेद माध्यमांनीच जन्माला घातला. थिओडोर ग्रेसिक यांनी १९९६ मध्ये मांडले की, रॉकमध्ये मूळ कलाकृती म्हणजे ध्वनिमुद्रण. मंचावरील प्रयोग दुय्यम. दोन्ही प्रतिपादने मोलाची आहेत. पण त्यांचे अनुकरण करणारे पुढे जाऊन असे म्हणतात की, सारेच माध्यमनिर्मित असल्यामुळे एक सादरीकरण दुसऱ्यापेक्षा सरस म्हणणे ही केवळ विचारसरणीची भुरळ होय. या निष्कर्षाला उघडपणे विरोध केला पाहिजे. काव्याची संहिता भाषेने घडविलेली असते म्हणून दोन कवितांत गुणभेद नसतो असे आपण म्हणत नाही. उपस्थितीच्या मीमांसेचे विखंडन करता करता मूल्यविवेकच हद्दपार झाला, तर त्याचा लाभ आधीच प्रस्थापित असलेल्यांनाच होतो. कारण ज्यांना स्थान मिळाले आहे त्यांना मूल्यमापनाची गरज नसते. ज्यांना मिळालेले नाही त्यांनाच ती असते.

तेव्हा तुलना हवीच. प्रश्न एवढाच की कशाची तुलना? दूरचित्रवाणीवरील सादरीकरणात निर्माता, चौकट, कालमर्यादा, पुरस्कर्ता, ध्वनियोजना यांनी एक यंत्रणा उभी केलेली असते. कलावंत त्या यंत्रणेशी जो व्यवहार करतो, तिच्याकडून जे हिरावून घेतो किंवा तिला जे देऊ नाकारतो, ते तुलनेचे एकक मानले पाहिजे. बोटांची चपळाई यंत्रणेला कधीच अडचणीची नसते. उलट तिला तीच हवी असते.

या निकषावर एक सादरीकरण तपासून पाहू. ७ मे १९६४ रोजी ग्रॅनाडा दूरचित्रवाणीने मँचेस्टर येथील विल्ब्रहॅम रोड या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर 'ब्लूज अँड गॉस्पेल ट्रेन' या कार्यक्रमाचे मुद्रण केले. सादरीकरण प्रत्यक्ष होते, प्रक्षेपण थेट नव्हते. ते त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाले. अमेरिकेच्या दक्षिणेतील एखादे स्थानक वाटावे म्हणून फलाटावर खोकी, गासड्या, जिवंत जनावरेसुद्धा मांडलेली होती. प्रेक्षक रुळांच्या पलीकडच्या फलाटावर बसले होते. म्हणजे इंग्रज तरुणांनी पलीकडून कृष्णवर्णीयांची दक्षिण एखाद्या चित्रासारखी न्याहाळावी, अशीच ही रचना. सिस्टर रोझेटा थार्प घोडागाडीतून आली. पाऊस झाला होता. तिने निर्मात्याला विनंती करून आरंभीचे गाणे बदलले आणि नोहाच्या महापुराचे 'डिडन्ट इट रेन' हे गाणे घेतले. मग पांढरी विद्युत गिटार गळ्यात अडकवून ती त्या ओल्या फलाटावर उभी राहून गाऊ-वाजवू लागली.

या एका बदलाने काय घडले ते पाहावे. उभारलेली दक्षिण खोटी होती, पाऊस खरा होता आणि तो मँचेस्टरचा होता. गाण्याने त्या पावसाला महापुराशी जोडताच सारी मांडणी उलटली. पलीकडचे प्रेक्षक एका परक्या देशाचे चित्र पाहणारे राहिले नाहीत. ते त्याच पावसात भिजणारे, म्हणजे गाण्याच्या आतले झाले. यंत्रणेने तिला दृश्य म्हणून मागितले होते. तिने त्याचा प्रसंग केला. हा गुण बोटांच्या वेगात मोजता येत नाही. प्रसंगावधान, धर्मगीताच्या परंपरेतून आलेले समूहाचे भान, आणि स्वतःला शोभेची वस्तू होऊ न देण्याचा निर्धार या तिहींचा तो संयोग आहे. गिटारवादनही कमी प्रतीचे नाही. पण तेवढ्यावर थांबणारा समीक्षक तिला 'स्त्री असूनही' उत्तम वाजविणारी म्हणून मोकळा होतो, आणि तेथेच चुकतो.

थार्पच्या कीर्तीचा पुढचा प्रवास पाहिला म्हणजे उपेक्षा हा शब्द किती जपून वापरावा हे कळते. ती अज्ञात मुळीच नव्हती. १९३८ पासून तिच्या ध्वनिमुद्रिका निघत होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती कार्नेगी हॉलमध्ये गाइली होती. १९४७ मध्ये मेकन येथे कोवळ्या वयातील लिट्ल रिचर्डला तिने मंचावर बोलावून गायला लावले होते. १९७३ मध्ये फिलाडेल्फियात ती वारली. तिच्या थडग्यावर पस्तीस वर्षे नावाचा दगडही नव्हता. १९८६ मध्ये रॉक संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'ची पहिली यादी झाली, तीत लिट्ल रिचर्ड कलावंत म्हणून दाखल झाला. थार्प दाखल झाली २०१८ मध्ये. तेही कलावंतांच्या वर्गात नव्हे, 'आरंभीचे प्रभाव' या वर्गात. हा वर्ग नीट समजून घेतला पाहिजे. 'प्रभाव' म्हणजे जे दुसऱ्यात विरघळले ते. ज्याला प्रभाव म्हटले त्याची स्वतःची कृती वाचण्याची जबाबदारी संपते. तिचा अर्थ वारसदाराच्या कृतीत शोधला जातो. स्कॉटी मूरचीही अशीच सोय लागली: २००० मध्ये तो 'साथीदार' या वर्गात दाखल झाला. दोघांचाही सन्मान झाला, हे खरे. परंतु सन्मानाच्या वर्गवारीनेच त्यांना कर्तृत्वाच्या बाहेर ठेवले. विस्मरणापेक्षा ही उपेक्षा अधिक टिकाऊ असते, कारण ती कृतज्ञतेच्या भाषेत बोलते.

यंत्रणेशी उघड भांडणाऱ्यांनाही सारखा न्याय मिळालेला नाही. २० नोव्हेंबर १९५५ रोजी बो डिडलीला सलिव्हनच्या कार्यक्रमात 'सिक्स्टीन टन्स' हे तेव्हाचे गाजते गाणे गाण्यास सांगण्यात आले होते. त्याने आपलेच गाणे म्हटले. तो कार्यक्रम त्याला कायमचा बंद झाला. ४ जानेवारी १९६९ रोजी बीबीसीवर लुलूच्या कार्यक्रमात जिमी हेन्ड्रिक्सने ठरलेले गाणे मध्येच थांबविले आणि नुकत्याच फुटलेल्या क्रीम या संघाला वंदन म्हणून त्यांचे गाणे सुरू केले. प्रक्षेपण थेट असल्याने निर्मात्याला काही करता आले नाही. त्या प्रसंगाचा आदर्श पुढे ठेवून १७ डिसेंबर १९७७ रोजी 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये एल्विस कॉस्टेलोने गाणे तोडून दुसरे धरले. त्यालाही बंदी झाली; पण १९८९ मध्ये तो परतला, आणि १९९९ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या पंचविसाव्या वर्षाच्या सोहळ्यात त्याने आपल्या बंडाची समारंभपूर्वक पुनरावृत्ती केली. म्हणजे बंड यंत्रणेच्या संग्रहातील एक दागिना झाले. कृष्णवर्णीय डिडलीचा बावीस वर्षे आधीचा नकार मात्र बहुधा किस्सा म्हणून सांगितला जातो. कृती जवळजवळ तीच. एकीला बंड म्हणावे आणि दुसरीला आडमुठेपणा, हे ठरविणारी सत्ता तुलनेच्या वादात कधी तपासली जाते काय?

यावर एक आक्षेप संभवतो. साऱ्या तुलना अखेर उपलब्ध चित्रफितींवर अवलंबून असतात, मग समीक्षकाने वेगळे काय करावे? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो आमच्या बाजूचा आहे. बीबीसीने फिती पुन्हा वापरण्यासाठी आपले कितीतरी मुद्रण पुसून टाकले. १६ जून १९६६ रोजी बीटल्स स्वतः 'टॉप ऑफ द पॉप्स'च्या मंचावर आले होते. त्या भागाची अधिकृत फीत उरली नाही, आणि २०१९ मध्ये सापडले ते कोणा प्रेक्षकाने घरी पडद्यावरून टिपलेले काही सेकंद. बीटल्सची ही गत, तर इतरांची काय असेल? तरीही बीटल्सच्या स्थानाला त्याने धक्का लागला नाही. फीत नसणे प्रस्थापिताला मारक ठरत नाही. इतरांचा मात्र तोच एकमेव साक्षीदार असतो. हे आपल्याला नवे नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळत नाही, तरी त्यांचे मोठेपण शिष्यपरंपरेने आणि श्रोत्यांच्या स्मृतीने जपले. स्मृती जपणारी संस्था पाठीशी असली की पुराव्यावाचून चालते. मग ज्यांच्यामागे घराणे नव्हते, शिष्य नव्हते, लिहिणारा रसिक नव्हता, अशांचे काय झाले, हा प्रश्न संगीताच्या इतिहासाला जितका लागू आहे तितकाच आपल्या वाङ्मयेतिहासालाही. तेथेही 'पूर्वपीठिका' नावाचे एक प्रकरण असते, आणि शाहीर, कीर्तनकार, ओव्या रचणाऱ्या बाया यांची आदराने तेथेच बोळवण होते.

म्हणून या वादात पडणाऱ्या अभ्यासकांकडे मागणे एवढेच आहे. 'अज्ञात श्रेष्ठ' शोधण्याचे काम काही काळ थांबवावे. कोणत्याही चित्रफितीची तुलना करण्यापूर्वी ती थेट होती की मुद्रित, त्यातले प्रत्यक्ष किती, ती कोणी राखली आणि चौकटीच्या आत असूनही कोणाकडे आपण पाहिले नाही, हे विचारावे. आणि मग मूल्यमापन न भिता करावे. प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर, मँचेस्टरच्या त्या ओल्या फलाटावरील सादरीकरण १९६८ च्या एनबीसीच्या कार्यक्रमाहून श्रेष्ठ आहे, आणि ते तसे आहे हे थार्पने कोणाला प्रभावित केले याचा उल्लेखही न करता सांगता येते. तिला 'प्रभाव' म्हणणे थांबवून तिची कृती वाचू लागलो, तरच उपेक्षा या शब्दाला काही अर्थ उरेल.